एकाच फांदीवर पिवळी पाने: जस्ताची कमतरता की ग्रीनिंग? लवकर ओळखायचे कसे?

नवतीवाला (प्रश्न)

मोसंबीची ४०० झाडे, वय ५ वर्षे. कडेपासून दुसऱ्या ओळीत सलग तीन झाडांवर एकेकच फांदी पिवळी पडली आहे, बाकी झाड हिरवेगार. पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात आहे, पण सगळ्या पानांवर सारखा नाही. जस्त आणि मँगनीजची फवारणी करून बघावी असा सल्ला मिळाला आहे. मला मात्र ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची शंका आहे आणि महिनाभर वाट बघणे परवडणारे वाटत नाही.

जाणकारांनी हे सांगावे. नुसत्या डोळ्यांनी कमतरता आणि ग्रीनिंग यांत फरक कितपत खात्रीने करता येतो? आयोडीनच्या चाचणीवर किती विसंबावे? पीसीआरसाठी (जिवाणूचा डीएनए शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) नमुना कुठून, किती आणि कसा घ्यावा? चौथी गोष्ट, शेजारच्या लिंबाच्या काही पानांवर उंचवट्याचे तपकिरी ठिपके आहेत. तोही जिवाणूच म्हणतात. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

भिंग

आधी शेवटच्या प्रश्नाचे थोडक्यात: संबंध नाही. ठिपके म्हणजे बहुधा खैऱ्या. तो झॅन्थोमोनास सिट्री या जिवाणूमुळे होतो आणि पाऊसवाऱ्याने पसरतो. ग्रीनिंगचा जिवाणू, कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस, झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि सिट्रस सायला या किडीमार्फत किंवा बाधित झाडावरून कलमासाठी घेतलेल्या डोळ्यांमार्फत (कळ्यांमार्फत) जातो. दोन्हींची तपासणी पूर्ण वेगळी आहे. खैऱ्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच.

आता पानांकडे. ग्रीनिंगचे खरे लक्षण नुसता पिवळेपणा नाही, पिवळेपणाची विषमता आहे. पूर्ण जून झालेले पान घ्या. मुख्य शिरेच्या डावीकडे पेनाने रुपयाएवढे वर्तुळ काढा आणि उजवीकडे बरोबर त्याच जागी, तेवढेच दुसरे. दोन्ही वर्तुळांतला रंग ताडून बघा. कमतरतेत दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या निघतात. ग्रीनिंगमध्ये एकात हिरवा ठिगळ तर दुसऱ्यात पिवळा, आणि ठिगळ शिरा ओलांडून पसरलेले दिसते. एका पानावर निर्णय करू नका. त्याच फांदीची दहाबारा पाने तपासा.

कमतरतांची ओळख अशी. जस्त: कोवळी पाने लहान, अरुंद, शिरांलगत हिरवा पट्टा आणि मध्ये ठळक पिवळे. मँगनीज: पान आकाराने नेहमीसारखे, पिवळेपणा फिकट, हिरवे-पिवळे एकमेकांत मिसळलेले. लोह: कोवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, बाकी पान जवळजवळ पांढरट. मॅग्नेशियम: जुन्या पानावर देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो, कडा पिवळ्या.

इथे एक फसगत होते आणि ती फार महागात पडते. ग्रीनिंग झालेल्या फांदीची मुळांकडून होणारी पोषणाची आवक बिघडते, त्यामुळे तिच्यावर जस्ताच्या कमतरतेची हुबेहूब लक्षणे येतात. म्हणजे जस्ताचे चित्र दिसले म्हणून ग्रीनिंग नाही, असे म्हणता येत नाही. विचार करायचा तो जागेचा. जमिनीतली कमतरता झाडभर दिसते, ओळीओळीने दिसते, चुनखडीच्या किंवा पाणथळ पट्ट्यात दिसते. एकाच झाडाची एकच फांदी उपाशी राहावी असे जमीन करत नाही. तुमचे वर्णन, तीन झाडे, प्रत्येकी एक फांदी, बागेच्या कडेजवळ, हे जमिनीचे वाटत नाही. सायला कडेच्या झाडांवर आधी उतरते.

फळे असतील तर तीही कापा. वाकडी फळे देठापासून उभी कापली की मधला कणा वळलेला दिसतो, बिया काळ्या पडून खुरटलेल्या असतात आणि देठाखालच्या शिरांना नारिंगी-तपकिरी डाग असतो. रंगही उलटा चढतो: निरोगी फळ देठाच्या विरुद्ध टोकाकडून रंगू लागते, बाधित फळ देठाकडून रंगते आणि खालचे टोक हिरवे राहते. ही लक्षणे खात्रीची आहेत, लवकरची नाहीत. फळापर्यंत पोचलेला रोग झाडात बऱ्याच काळापासून असतो.

शीर_आणि_देठ

फवारणीबद्दल एक गोष्ट आधी: नमुने घेण्यापूर्वी ती करू नका. जस्त-मँगनीजने पाने वरवर हिरवी होतात, ठिगळे झाकली जातात आणि नंतर कुठल्या फांदीचे पान तोडायचे तेच कळत नाही. आधी संशयित फांद्यांना रंगीत फीत बांधा, नमुना घ्या, मग हवे ते फवारा.

आयोडीन चाचणीमागचे तत्त्व साधे आहे. ग्रीनिंगमध्ये अन्नवाहिन्या चोंदतात, पानात तयार झालेली साखर बाहेर जाऊ शकत नाही आणि पानातच स्टार्च साठतो. आयोडीन लागला की स्टार्च काळा होतो.

कृती: संशयित जून पान आणि त्याच झाडाच्या हिरव्या फांदीवरचे, तेवढ्याच वयाचे पान घ्या. दोन्ही सूर्य चढण्यापूर्वी तोडा. हे महत्त्वाचे आहे, कारण निरोगी पानातही दिवसभरात स्टार्च साठतो आणि रात्रीत तो ओसरतो. दुपारी तोडलेल्या निरोगी पानाची कडही काळपट दिसू शकते. धारदार पात्याने मुख्य शिरेला आडवा काप घ्या. औषधी टिंक्चर आयोडीन पाण्याने पातळ करून कोऱ्या चहाच्या रंगाचे करा. काप त्यात दोन मिनिटे बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि कापलेली कड भिंगातून बघा. निरोगी कड फिकट पिवळसर-तपकिरी राहते, स्टार्च भरलेली कड करडी ते काळी होते. पाते, चिमटा आणि पाणी प्रत्येक पानाला स्वच्छ हवे.

चूक कुठे होते? फांदीवर तार आवळलेली असेल, साल सोललेली असेल, फांदी अर्धवट मोडलेली असेल किंवा बुंध्याला डिंक्या (डिंक गळण्याचा बुरशीचा रोग) असेल, तर अन्नाचा खाली जाणारा प्रवाह तिथेही अडतो आणि पान तितकेच काळे होते. म्हणून काळे आलेल्या फांदीचा जोड आणि बुंधा चाकूने किंचित खरवडून सालीखालचा रंग बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. दुसरी बाजूही लक्षात असू द्या: लक्षणे नसलेल्या पानात स्टार्च अजून साठलेलाच नसतो, त्यामुळे ही चाचणी रोग लवकर पकडण्याच्या कामाची नाही. शंभर पिवळ्या पानांतून प्रयोगशाळेत पाठवायची दहा निवडायला ती उत्तम आहे, आणि तेवढ्यासाठीच वापरावी.

पीसीआर_टेबल

नमुन्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण चुकीचे अहवाल बहुतेक वेळा यंत्रामुळे नव्हे, चुकीच्या पानामुळे येतात.

हा जिवाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत लाखोंनी आणि शेजारच्या फांदीत शून्य, असे सहज घडते. तो असतो अन्नवाहिन्यांत, म्हणून आपल्याला हवी ती मुख्य शीर आणि देठ. पानाचे पाते निरुपयोगी. पान तोडताना देठ झाडावर राहिला तर नमुन्याचा सगळ्यात चांगला भाग झाडावरच राहिला असे समजा.

लक्षणे असलेल्या झाडाचे: संशयित फांदीची ८ ते १० जून पाने, ठिगळ असलेली पण वाळलेली नसलेली. कोवळ्या पोपटी पानात जिवाणू कमी असू शकतो आणि वाळत आलेल्या पानातला डीएनए खराब झालेला असतो. लक्षणे नसलेल्या झाडाचे: चारही दिशांनी, प्रत्येक दिशेची निदान तीन-चार पाने, वेगवेगळ्या फांद्यांवरची. पाने कोरडी हवीत. कोरड्या कागदी रुमालात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर ओळ, झाड आणि फांदीची दिशा पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, आणि पिशवी बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट चिकटलेली नको. ४ अंशांच्या आसपास ठेवून दोन-तीन दिवसांत पोचवा. बंद गाडीत दुपारभर उकडलेल्या पिशवीतून काही निघत नाही.

हंगामाचाही फरक पडतो. कडक उन्हाळ्यात पानांतली जिवाणूंची संख्या घटते. थंडीच्या महिन्यांत ठिगळेही ठळक दिसतात आणि चाचणीही चांगली लागते. उन्हाळ्यात नकारात्मक आलेले संशयित झाड थंडीत पुन्हा तपासलेच पाहिजे.

प्रयोगशाळेत देठ-शिरांचे १०० ते २०० मिलीग्रॅम तुकडे घेऊन डीएनए काढतात आणि रिअल-टाइम पीसीआर लावतात. अहवालात 'सीटी' नावाचा आकडा असतो: जिवाणूचा डीएनए किती आवर्तनांनंतर दिसू लागला तो. आकडा लहान तितका जिवाणू जास्त. साधारणपणे ३२ च्या खाली स्पष्ट बाधित, ३२ ते ३६ संशयित, त्यापुढे नकारात्मक असे वाचतात, पण प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा तिच्या पद्धतीनुसार ठरते, म्हणून 'आहे-नाही' एवढ्यावर न थांबता आकडा मागून घ्या. ३४ आला तर त्याच फांदीचे नवे नमुने द्या. आणखी एक मागा: झाडाच्या स्वतःच्या डीएनएची नियंत्रण चाचणी लागली होती का. मोसंबीवर्गीय पानांतले फेनॉल आणि शर्करा पीसीआरची क्रिया अडवतात. नियंत्रणच लागलेले नसेल तर नकारात्मक अहवालाला काही अर्थ नाही.

खर्च वाचवायला पाच झाडांची पाने एकत्र करतात. एका बाधित झाडाचा डीएनए पाचपट पातळ झाला की सीटी सुमारे २.३ ने वाढतो. ज्याचा ३४ आला असता तो ३६ च्या पुढे जाऊन नकारात्मक ठरतो. म्हणून संशयित झाड कधीही मिश्रणात घालू नये.

नवतीवाला

फार उपयोगी माहिती. वर्तुळांची चाचणी लगेच केली: तिन्ही झाडांवर दहापैकी सहा-सात पानांत दोन्ही बाजू वेगळ्या. तिन्हींचे नमुने वेगवेगळे पाठवतो.

पण मग उरलेल्या ३९७ झाडांचे काय? त्यांतली वीसएक कुठलीही निवडून तपासली आणि सगळी नकारात्मक आली, तर बाग स्वच्छ समजावी का?

भिंग

नाही, आणि हे गणिताने दाखवतो.

समजा ४०० पैकी ४ झाडे बाधित आहेत, म्हणजे १ टक्का. त्यातले निदान एक तरी हाती लागावे याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे २१० झाडे तपासावी लागतात. ८ बाधित असतील तर सुमारे १२५. आणि हे चाचणी कधीच चुकत नाही असे धरून. लक्षणे नसलेल्या झाडात पीसीआर अनेकदा चुकतो, कारण तोडलेल्या पानात जिवाणू नसतोच. तो बाधित झाडांपैकी निम्मीच पकडतो असे धरा: सगळी ४०० झाडे तपासली तरी चारही निसटण्याची शक्यता १६ मध्ये १ उरते. वीस झाडांच्या नकारात्मक अहवालाने तुम्हाला जवळजवळ काहीच कळत नाही.

लागण आणि लक्षण यांत सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंतर पडते, मोठ्या झाडात त्याहूनही जास्त. पण रोग पसरायला तेवढा वेळ लागत नाही. सायलाने नवतीवर (कोवळ्या नव्या फुटीवर) जिवाणू सोडला की ती नवती १० ते १५ दिवसांत इतर किडींना बाधित करण्याजोगी होते. उरलेले झाड तेव्हा पूर्ण निरोगी दिसते, आणि दुसऱ्या फांदीचे पान तोडले तर पीसीआरही तसेच सांगतो. म्हणून लवकर निदान करायचे असेल तर झाडाआधी किडीकडे बघायला हवे.

सायला आपल्यासाठी नमुने गोळा करत फिरत असते. पिल्ले नवतीवर वाढताना जिवाणू घेतात, प्रौढ झाल्यावर तो झाडोझाडी नेतात. त्यामुळे बागेतल्या प्रौढ सायलांच्या पीसीआरमध्ये जिवाणू झाडांच्या लक्षणांपेक्षा कित्येक महिने आधी सापडू शकतो. प्रौढ ३ ते ४ मिलिमीटरचा, तपकिरी ठिपक्यांचा, आणि डोके खाली व शेपूट ४५ अंशांत वर अशा बैठकीमुळे लगेच ओळखू येतो. पिल्ले पिवळसर-नारिंगी, कोवळ्या शेंड्याला चिकटलेली, आणि त्यांच्या मागून पांढरे मेणचट वळणदार धागे निघतात. अंडी बदामाच्या आकाराची, पिवळी, नुकत्या उलगडणाऱ्या पानांच्या घडीत असतात. त्यासाठी १० पटीचे भिंग लागतेच.

मोजणी अशी: पांढरा कागद प्लास्टिकच्या पाटीवर लावून फांदीखाली धरा, वरून काठीने तीन वेळा ठोका मारा आणि पडलेले प्रौढ लगेच मोजा, ते उडी मारून जातात. कडेच्या ओळींवर जास्त ठोके, आतल्या भागात थोडे. नवती असताना दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी. चिकट पिवळे सापळे कडेने दीड-दोन मीटर उंचीवर लावावेत, पण सापळ्यावरची कीड उन्हात वाळते. पीसीआरसाठी तोंडाने ओढायच्या नळीने जिवंत कीड गोळा करून ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवा, एका कुपीत १० ते २०, आणि कुपीवर बागेचा भाग लिहा. कुठल्या कोपऱ्यातली कीड ते न लिहिलेल्या सकारात्मक अहवालाने बाग बाधित आहे एवढेच कळते, जायचे कुठे ते कळत नाही.

कुंपणाला कढीपत्ता किंवा कुंती असेल तर पहिली फेरी तिथे. दोन्हींवर सायला वाढते.

शीर_आणि_देठ

डोळ्यांनी बघण्याची फेरीही सोडू नका, पण तिची मर्यादा धरून चला: लक्षणे असलेल्या झाडांपैकीही एका फेरीत साधारण निम्मीच सापडतात. म्हणून वर्षातून निदान चार फेऱ्या, प्रत्येक झाड दोन्ही बाजूंनी, ढगाळ हवेत किंवा सूर्य पाठीशी ठेवून. उंच झाडांचा शेंडा जमिनीवरून दिसत नाही आणि पिवळी फांदी बऱ्याचदा तिथेच असते. ट्रॅक्टरवर उभे राहायची फळी बांधली की फरक जाणवतो.

मुळांबद्दल कोणी लिहिले नाही. झाड वरून हिरवे असतानाच बारीक मुळांचा मोठा हिस्सा, कधी तिसऱ्या भागाएवढा, गेलेला असतो. पाणी आणि खत बरोबर असूनही एखादे झाड दुपारी शेजारच्यांपेक्षा लवकर कोमेजत असेल, नवती तोकडी येत असेल, तर ठिबकाखालची माती उकरून बारीक मुळे बघा आणि थोडी मुळेही नमुन्याबरोबर पाठवा. डिंक्याच्या बुरशीनेही मुळे जातात; तिथे मुळाची बाहेरची साल बोटांनी ओढताच निघते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो.

शिकवलेल्या कुत्र्यांचाही उल्लेख व्हायला हवा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत वासावरून बाधित झाडे ओळखण्याची कुत्र्यांची अचूकता ९९ टक्क्यांहून जास्त होती, आणि लागणीनंतर दोन आठवड्यांतच ती ओळखू लागली, पीसीआरच्या कितीतरी आधी. सगळ्यांच्या हाताशी ती सोय नाही, पण लक्षणांपूर्वी झाड सांगता येते एवढे त्यातून सिद्ध झाले.

खुंटकलम

खैऱ्याचा भाग मी घेतो. ठिपका २ ते १० मिलिमीटर, पानाच्या दोन्ही बाजूंना उंचवटा, मध्ये बुचासारखा खरखरीत, भोवती पिवळे वलय. पान उजेडासमोर धरले की ठिपक्याच्या कडेला तेल लागल्यासारखी पाणीदार रेघ दिसते, तीच खरी खूण. खरड या बुरशीच्या रोगात उंचवटा बहुधा एकाच बाजूला असतो, पान वेडेवाकडे होते आणि तेलकट कड नसते.

घरच्या घरी खात्री करायला सूक्ष्मदर्शक पुरतो. ताज्या ठिपक्याच्या कडेचा लहान तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, काच झाका, १०० ते ४०० पटीत बघा. जिवाणूचा रोग असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट पाण्यात पसरतो. जुना वाळलेला ठिपका घेतला तर लोट येत नाही, म्हणून ताजाच घ्या. तयार पट्ट्याही मिळतात, ठिपका द्रावणात चेचून पट्टी बुडवली की काही मिनिटांत रेघ उमटते. ग्रीनिंगला मात्र ही सूक्ष्मदर्शकाची युक्ती चालत नाही, तो जिवाणू असा बाहेर सांडत नाही.

लवकर बघायचे असेल तर वारा-पावसाच्या झडीनंतर ७ ते १४ दिवसांनी, वाऱ्याच्या बाजूची झाडे, खालच्या फांद्या आणि काटे तपासा. थंड हवेत लक्षणांना जास्त दिवस लागतात. नागअळीने पोखरलेल्या नवतीकडे विशेष लक्ष द्या: तिथे ठिपके गोल न राहता अळीच्या वाटेने लांबट होतात आणि खैऱ्या ओळखूच येत नाही. पाने पूर्ण उघडेपर्यंत आणि फळे पाकळ्या गळल्यापासून पहिले ६० ते ९० दिवस सर्वांत नाजूक असतात. पाने ओली असताना बागेत फिरू नका, आणि दोन झाडांमध्ये कात्री निर्जंतुक करा. कात्रीचा हा नियम खैऱ्यासाठी, ग्रीनिंगच्या प्रसाराचे मुख्य मार्ग सायला आणि कलमच.

पीसीआर_टेबल

अहवाल येईपर्यंत त्या तीन झाडांचे काय करायचे, ते राहिले.

पिवळी फांदी छाटून टाकू नका. फांदी गेली तरी जिवाणू खोडात आणि मुळांत उतरलेला असू शकतो, आणि तपासायला लागणारी पाने मात्र जातात. त्या झाडांचे डोळे कोणत्याही कलमासाठी घेऊ नका. तिन्हींवर आणि भोवतालच्या दोन-दोन ओळींवर सायलाची मोजणी करून, कीड असेल तर नवती फुटायच्या सुमारास शिफारशीतले कीटकनाशक फवारा. किडीचे नमुने त्याआधी गोळा करा.

सीटी स्पष्ट बाधित आला आणि झाड काढायचे ठरले, तर आधी त्या झाडावरची सायला मारा, मग करवत लावा. उलट केले की हादऱ्याने उडालेले प्रौढ शेजारच्या झाडांवर जाऊन बसतात. बुंधा मुळासकट निघत नसेल तर कापल्याबरोबर ताज्या कापावर तणनाशक लावा. नाहीतर खुंटाला धुमारे फुटतात, ते कोवळे आणि बाधित असतात आणि सायला सगळ्यात आधी तिथेच येते. त्यानंतर आजूबाजूची आठ-दहा झाडे दर दोन-तीन महिन्यांनी, एकेकटे नमुने देऊन, निदान दोन वर्षे तपासत राहा.